जुन्या बंगल्यावर मजला चढवू नका, बाजूला बांधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फोंडा तालुक्यात आजोबांनी १९५२ च्या सुमारास बांधलेले चिऱ्याचे कौलारू घर. गावात त्याला अजून ‘बंगला’च म्हणतात. मधोमध राजांगण म्हणजे आभाळाला उघडा चौक, त्याच्या चारी बाजूंनी वसरी म्हणजे ओसरी, चार खोल्या, मागे स्वयंपाकघर. न्हाणी आणि शौचालय बाहेर. आई ७८ वर्षांच्या. तुम्ही दोघे भाऊ, दोघांचे संसार, शिवाय चतुर्थीला मुंबई-पुण्याहून उतरणारी चाळीसेक माणसे. एक कंत्राटदार म्हणतो, कौले उतरवून स्लॅब टाकू आणि वर मजला काढू. दुसरा म्हणतो, सगळे पाडून नवे बांधू. वायव्य कोपऱ्यात भिंतीला भेग गेली आहे. आणि राजांगण झाकून तिथे मोठा हॉल करावा असे धाकट्या भावाच्या मनात आहे.

गेली तीस-बत्तीस वर्षे मी गोव्यात हेच काम करतो आहे, त्यातही जास्त करून फोंडा, डिचोली आणि सत्तरीतली जुनी घरे. दोन्ही कंत्राटदारांचे म्हणणे मला मान्य नाही. का ते नीट सांगतो, कारण हा एक निर्णय चुकला तर पुढे कितीही पैसा ओतला तरी तो सुधारता येत नाही.

आधी स्लॅबचे गणित. मंगळुरी कौलांच्या छपराला चौरस मीटरमागे साधारण १५ कौले लागतात. कौले, रिपा, वासे सगळे धरले आणि कौले पावसात भिजलेली असली, तरी वजन चौरस मीटरला ७०-८० किलोंच्या आसपास राहते. पाच इंची स्लॅबचे नुसते काँक्रीटच ३१० किलो भरते. त्यावर लाद्या, खालून प्लास्टर, वर माणसे आणि सामान धरले की आकडा ६०० किलोंवर जातो. म्हणजे सत्तर वर्षे ज्या भिंतींनी एक पट ओझे वाहिले त्यांच्यावर तुम्ही आठ पट ठेवणार, आणि त्याशिवाय वरच्या मजल्याच्या भिंती आणि छप्पर वेगळे.

कंत्राटदार भिंतीच्या जाडीकडे बोट दाखवेल. भिंती दीड-पावणेदोन फूट जाड असतील हे खरे. पण त्या काळी आपल्याकडे चिरे बहुतेक करून मातीतच बसवत. चुना, तोही शिंपल्यांचा भाजलेला, वरच्या गिलाव्याला आणि कुठे सांध्याच्या तोंडाला. तुमच्या घरात काय आहे ते पाच मिनिटांत कळेल. आतल्या बाजूला एके ठिकाणी वीतभर गिलावा खरवडा आणि दोन चिऱ्यांच्या सांध्यात लांब खिळा हाताने दाबा. सहज दोन इंच आत गेला तर माती आहे. मातीतली भिंत सरळ खाली येणारे, सगळीकडे सारखे पसरलेले वजन सोसते. तिला बाजूने ढकलले, ओले केले किंवा एकाच जागी दाबले की ती हार मानते. वरच्या मजल्याचा बीम जिथे टेकतो तिथे नेमका एकाच जागी दाब पडतो. शिवाय आयएस १८९३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत गोवा भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये येतो. एकमेकींना कशानेही न बांधलेल्या मातीतल्या भिंती आणि त्यांच्या डोक्यावर शेकडो टनांचा मजला ही जोडी मी कुठल्याही कुटुंबाच्या डोक्यावर ठेवणार नाही.

आणखी एक मार्ग तुम्हाला कोणीतरी सुचवेलच: जुन्या घरातून आरपार कॉलम काढायचे आणि वरचा मजला त्यांच्यावर उभा करायचा. हिशेबाने ते जमते. पण प्रत्येक कॉलमसाठी घराच्या आत, जुन्या भिंतीला खेटून, पाच-सहा फुटांचा खड्डा काढावा लागतो. असे दहा-बारा खड्डे काढल्यावर जे वाचवायला निघालो तेच उरत नाही.

मग पाडायचे का? नाही. त्या भिंती एप्रिल-मेमध्ये घर थंड ठेवतात. वाशांचे किंदळ किंवा सागवान त्या प्रतीचे आज बाजारात मिळणे कठीण, मिळाले तर भाव परवडत नाही. आणि एक कोरडे व्यावहारिक कारणही आहे. जुने घर रस्त्यापासून, शेजाऱ्याच्या हद्दीपासून जितक्या अंतरावर उभे आहे तितक्या अंतरावर आजच्या नियमांत नवे बांधता येईलच असे नाही. पाडले की नवा नकाशा आजच्या नियमांत बसवावा लागतो, आणि अरुंद भाटातली, म्हणजे अरुंद जागेतली, कितीतरी घरे अशी पाडल्यावर आधीपेक्षा लहान झालेली मी पाहिली आहेत.

माझा सल्ला एका ओळीत मावतो. वजन आणि पाणी नव्या भागात न्या, जुन्या घरात कोरड्या खोल्या ठेवा. मागच्या परसात, जुन्या घरापासून आठेक फूट सोडून, स्वतःच्या पायावर उभा दुमजली नवा भाग बांधायचा. स्वयंपाकघर, सगळी न्हाणीघरे, सगळी शौचालये, कपडे धुण्याची जागा, पाण्याची टाकी आणि वरच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोल्या तिकडे. जुन्या घरात बैठक, देवघर, गणपतीची खोली, पाहुण्यांच्या खोल्या, वसरी. दोन्हींच्या मध्ये हलक्या छपराची जोडवाट. जुन्या मातीच्या भिंतीतून एकही पाण्याची नळी जाता कामा नये. न्हाणीघराची गळती स्लॅबच्या घरात पाच वर्षे नुसता डाग दाखवते. मातीच्या भिंतीत ती आतला सांधा हळूहळू धुऊन नेते, आणि बाहेरून काही दिसत नाही.

आता भेगेकडे येतो, कारण तुमच्या पत्रात ती एका वाक्यात आली आहे आणि मला मात्र सगळ्यात आधी तिच्याकडेच पाहायचे आहे. भेग वाचता येते. खिडकीच्या कोपऱ्यातून सुरू होऊन सांध्यासांध्यातून पायऱ्यांसारखी तिरकी गेलेली असेल, तर पाया हलतो आहे. ती वर रुंद आणि खाली बारीक असेल तर तो कोपरा खाली बसतो आहे असे बहुधा समजावे. छपराच्या लगेच खाली आडवी असेल आणि भिंत बाहेर कलल्यासारखी वाटत असेल, तर वासे भिंतीला बाहेर ढकलत आहेत. असे होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे दोन समोरासमोरच्या भिंतींना धरून ठेवणारी आडवी तुळई कधीतरी कापलेली असते. पोटमाळ्यावर डोके लागते म्हणून, नाहीतर पंखा बसवायचा म्हणून. त्यावेळी कोणालाच काही जाणवत नाही, वीस वर्षांनी भिंत सांगते. आणि भेग अगदी उभी, दोन भिंतींच्या जोडाच्या जागी असेल, तर तिथे नंतर कधीतरी नवी भिंत जुनीला चिकटवली आहे, चिरे एकमेकांत गुंफलेले नाहीत. ही तिसरी जात फारशी घाबरण्यासारखी नाही.

आत्ता श्रावण चालू आहे, म्हणजे घर तपासायला वर्षातले सर्वांत चांगले दिवस. कंत्राटदार तुम्हाला नोव्हेंबरमध्ये घर पाहायला येईल, तेव्हा ते कोरडे आणि शहाणे दिसेल. आता मुसळधार पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पागोळ्यांचे पाणी कुठे पडते, कुठे साचते, कुठे भिंतीकडे वळते ते कागदावर काढा. आतल्या भिंतींवर ओल कुठवर चढली आहे तिथे पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलची खूण करा, आणि भेगेवर आडवी पातळ काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही बाजूंना चिकटवा. ती दिवाळीपर्यंत शाबूत राहिली तर भेग जुनी, थांबलेली. काच तडकली तर भेग अजून हलते आहे.

कोपरा बसण्यामागे बहुतेक वेळा पाणी असते. तुटलेली पन्हळ, बुजलेले गटार, किंवा अंगणात कोणीतरी घातलेली फरसबंदी जिचा उतार चुकून भिंतीकडे गेला आहे. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तासाला ५० मिलिमीटर अशी एक सर आली तरी १०० चौरस मीटरच्या छपरावरून त्या तासात पाच हजार लिटर पाणी खाली येते, आणि तुमच्या घरात चौसोपी छपराचे चारही आतले उतार राजांगणात उतरतात. म्हणून कुठल्याही नव्या बांधकामाचा खिळा ठोकण्याआधी तीन गोष्टी करून घ्या: राजांगणातून बाहेर जाणारी जुनी मोरी पूर्ण साफ, घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेली तीन-साडेतीन फुटांची चिऱ्याची पट्टी, आणि सगळे पाणी घरापासून लांब नेणारे उघडे गटार. झाकलेला पाइप नको. उघड्या गटारातला पालापाचोळा दिसतो तरी.

हे मी एवढ्या जोराने का सांगतो त्याला कारण आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी डिचोली तालुक्यातल्या एका घराला मागून दोन खोल्या जोडायच्या होत्या. नवी भिंत जुनीला लागूनच येणार होती. मे महिन्याचा शेवट, मला घाई होती, आणि मी जुन्या भिंतीच्या कडेने तीस फूट लांब आणि पाच फूट खोल चर एकाच दिवसात काढायला परवानगी दिली. जुना पाया जेमतेम तीन फूट होता. रात्री वळवाचा पाऊस आला. चर भरला, जुन्या पायाखालची ओली माती त्यात घसरली, आणि सकाळी घराचा कोपरा चार बोटे खाली गेलेला होता. माणसे आधीच समोरच्या खोल्यांत झोपायला गेली होती म्हणून कोणाला इजा झाली नाही. तो कोपरा मी माझ्या खर्चाने उतरवून पुन्हा चढवला. त्या घरातल्या आजी त्या दिवशी मला एक शब्दही बोलल्या नाहीत, नुसत्या त्या भिंतीला हात लावून उभ्या होत्या. तेव्हापासून जुन्या भिंतीशेजारी खोदायची वेळ आलीच तर तीन-साडेतीन फुटांचा एक तुकडा खोदायचा, भरायचा, मग दोन तुकडे सोडून पुढचा, आणि हे काम फेब्रुवारीच्या आत संपवायचे असे मी पाळतो. तुम्हाला आठ फूट सोडून बांधा म्हणतो त्याचे पहिले कारणही हेच. जोडवाटेचे चार खांब सोडले तर जुन्या पायाजवळ खोदावेच लागणार नाही.

नवा भाग सरळ आरसीसीचा करा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे समुद्रालगतच्या हवेत आणि जोरदार पावसात उघड्या राहणाऱ्या काँक्रीटला किमान एम ३० दर्जा आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, हवा. आपल्याकडे घरबांधणीत अजून सर्रास एम २० वापरतात आणि कव्हर म्हणून सळईखाली खडीचा तुकडा सरकवतात. पंधरा वर्षांत छज्जे फुगून सळई बाहेर आलेल्या इमारती फोंड्यातून मडगावला जाताना मोजत बसा, सगळे त्या खडीच्या तुकड्याचे काम. काँक्रीटचेच कव्हर ब्लॉक मागा. आज मिळणारे सिमेंट बहुतेक पीपीसी म्हणजे पोझोलाना मिसळलेले असते, त्याला दहा ते चौदा दिवस पाणी मारावे लागते; सात दिवसांत गवंडी थांबला तर त्याला थांबू देऊ नका. खाडीची रेती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, तिच्यातले मीठ सळई खाते.

भिंती चिऱ्यांच्याच घाला. घर एकाच कुळातले दिसेल. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो आणि हवेत राहून कठीण होतो, म्हणून चिरे दसऱ्याच्या सुमारास आणून रचून ठेवा आणि ठिसूळ, पिवळट मातीची भोके असलेले निवडून बाजूला काढा. ते कुंपणाला चालतील.

नव्या भागावर सपाट गच्ची नको. गोव्यात सपाट गच्चीवर शेवटी पत्र्याची शेड येतेच, मग दोनदा खर्च कशाला. वरच्या मजल्यावर थेट लोखंडी पाइपच्या सांगाड्यावर कौले घाला; सांगाडा गरम जस्ताचा मुलामा दिलेला. उतरत्या स्लॅबवर सिमेंटने कौले चिकटवण्याची जी पद्धत निघाली आहे ती मला पटत नाही. कौल आणि स्लॅब यांच्यामध्ये पाणी अडकून बसते आणि गळती कुठून ते शेवटपर्यंत सापडत नाही.

दोन छपरे एकमेकांना भिडवू नका. ज्या घरांत नवे छप्पर जुन्यात घुसवले आहे तिथे मधल्या पन्हळीतून पाणी घरात येतेच, आज नाहीतर पाच वर्षांनी, फणसाची चार पाने अडकली की. जोडवाटेचे छप्पर दोन्ही घरांच्या पागोळ्यांच्या खाली, बुटके ठेवा. तिचे खांब तिचे स्वतःचे, जुन्या भिंतीवर काहीही टेकवायचे नाही, तिथे दोन इंचांची फट सोडून वरून ॲल्युमिनियमच्या पत्र्याची झालर लावायची, जिचे एकच टोक जखडलेले असेल. नवे घर पहिली दोन-तीन वर्षे थोडे बसणार. जुने आपल्या जागी बसून झाले आहे. दोघांना घट्ट बांधले तर भेग पडणारच, आणि ती जुन्यात पडते.

जुन्या छपराचे काम नोव्हेंबरात घ्या. सगळी कौले एकदम उतरवू नका, एक उतार संपवून दुसरा. वासा मधे चांगला दिसतो पण भिंतीत गेलेले टोक कुजलेले असते, म्हणून प्रत्येक टोकाला पेचकस टोचून बघा. टोकच गेले असेल तर पूर्ण वासा बदलायची गरज नाही, जुना सुतार तिरका सांधा घालून तीन फुटांचा तुकडा जोडून देतो. कौले बदलताना एक लक्षात ठेवा: वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत. एका उतारावर एकाच छापाची कौले हवीत. जुनी चांगली निवडून सगळी पुढच्या उतारावर घ्या आणि मागच्या उताराला नवी आणा.

जुन्या भिंतींना सिमेंटचे प्लास्टर लावू नका, मग दुकानदार कितीही वॉटरप्रूफ म्हणो. मातीची आणि चिऱ्याची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते. सिमेंटने तिचे तोंड बंद केले की ओल आत कोंडते, वर चढते, आणि प्लास्टर एक दिवस पापुद्र्यासारखे सोलून येते, आतली माती घेऊन. चुन्याचा गिलावा, वर चुन्याची सफेदी. चुना मुरवायला वेळ लागतो, तो आताच भिजत घाला. जमिनीचेही तसेच. खोल्यांत जुन्या नक्षीच्या सिमेंट लाद्या किंवा लाल ऑक्साइडची जमीन असेल तर ती राखा. चकचकीत व्हिट्रिफाइड लादी घातली की जमिनीतली ओल वर यायला वाट शोधते आणि भिंतीत शिरते.

राजांगणाबद्दल धाकट्या भावाला माझ्यातर्फे एवढे सांगा. घरातली गरम हवा तिथून वर निघून जाते आणि खोल्यांत वारा फिरतो तो त्यामुळेच. त्यावर स्लॅब, काच किंवा पॉलिकार्बोनेट घातले की चारही खोल्या आंधळ्या आणि कोंदट होतील, आणि तुळस तर जगणारच नाही. चतुर्थीची गर्दी हा खरा प्रश्न आहे, तो मी हसण्यावारी नेत नाही. चाळीस माणसांची पंगत, भजन, आरत्या हे सगळे पाच-सात दिवस घराला सोसावे लागते. पण वसरी चारी बाजूंना आहे ती याचसाठी. आठ-नऊ फूट रुंदीच्या वसरीवर राजांगणाभोवती चाळीस पाने सहज मांडता येतात, आणि सगळ्यांना सगळे दिसतात. हॉलमध्ये हे होत नाही. तरी मोठी खोली हवीच असेल तर गणपतीची खोली आणि तिच्या शेजारची खोली यांमधली भिंत उघडा. ती मातीची भिंत आहे, म्हणून घिसाडघाई नको: आधी दोन्ही बाजूंनी टेकू, भिंतीच्या आरपार आडव्या लोखंडी तुळया, दोन्ही टोकांना काँक्रीटचे बैठे, त्यावर लोखंडी गर्डर, आणि सगळे घट्ट झाल्यावर खालचे चिरे एकेक करून काढायचे. सहा फुटांचे तोंड पुरे. वसरीकडच्या दारांना घडीच्या फळ्या करा. पाऊस आत येतो म्हणून चतुर्थीपुरते ताडपत्रीचे छप्पर हवे असेल तर राजांगणाच्या चार कोपऱ्यांत कड्या बसवून ठेवा, ती नंतर काढता येते.

आणि माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायचा फळांचा सांगाडा. असोले नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचे घड, तोरींजन, कांगलां, आंबाडे सगळे बांधल्यावर ती किती जड होते ते तुम्हाला माहीत आहे. तिचा सांगाडा ज्या तुळईला टांगता ती वाळवीने पोखरली आहे का ते या चतुर्थीच्या आधीच पाहा. हातोडीने ठोका, पोकळ आवाज आला तर यंदा माटोळीला खालून दोन खांब द्या.

आईंची खोली नव्या भागात खाली, जोडवाटेला लागून असावी. आंघोळीची सोय खोलीतच, दार तीन फूट रुंद, उंबरा नको, न्हाणीच्या जमिनीचा उतार इतका सौम्य की पाऊल सरकणार नाही. जुन्या घराचे जोते नव्यापेक्षा उंच असेल तर पायऱ्यांबरोबर उताराची वाटही ठेवा, बारा फूट लांबीत एक फूट चढ याहून तीव्र नको. पण खिडकी त्यांना तुळस दिसेल अशी ठेवा. साठ वर्षे ज्यांनी त्या तुळशीला पाणी घातले त्यांना मागच्या खोलीत परसाकडे तोंड करून बसवणे बरे नव्हे.

सेप्टिक टाकीचा शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर लांब हवा, आणि आपला जांभा सच्छिद्र असल्यामुळे शक्य तितका आणखी लांब, विहिरीच्या उताराच्या खालच्या अंगाला. वायरिंग दोन्ही घरांत पूर्ण नवे, अर्थिंगसह, आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच.

कागदपत्रांचे काम आजपासून सुरू करा, कारण बांधकामाला जितके महिने लागतील तितकेच त्यालाही लागू शकतात. एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीचा नोंदीचा कागद, काढा आणि त्यावर कोणाची नावे आहेत ते पाहा. बहुधा आजोबांचे, किंवा वडिलांसोबत काका-आत्यांचे नाव निघेल. वाटणी झालेली नसेल तर प्रत्येक वारसाची संमती लागेल, आणि गोव्याच्या नागरी कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते, म्हणून त्यांच्या जोडीदारांचीही. इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याची, प्रक्रिया २०१२ च्या वारसा व इन्व्हेंटरी कायद्याखाली चालते. वकील आत्ताच गाठा. उताऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात मुंडकाराचे, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे, नाव असेल तर १९७५ च्या कायद्याने त्याच्या घराला आणि भोवतालच्या जागेला संरक्षण आहे. त्याच्याशी बोलून, मोजून, मगच नवा भाग कुठे येणार ते ठरवा. परसाची जमीन बागायत म्हणून नोंदलेली असेल तर निवासी वापराची सनद लागेल. मग नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, त्यानंतर पंचायतीचा बांधकाम परवाना. जमीन जुवारीच्या खाडीलगत असेल तर किनारी नियमन क्षेत्राचा दाखलाही. परसातला फणस तोडायचा झाला तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. मी तुमच्या जागी असतो तर नवा भाग चार फूट सरकवून फणस ठेवला असता. जुन्या घराची घरपट्टीची जितकी जुनी पावती सापडेल तितकी शोधून ठेवा, घर किती वर्षांपासून उभे आहे याचा तो साधा आणि मजबूत पुरावा असतो.

वेळापत्रक असे बसेल. हा पावसाळा तपासणीचा आणि कागदांचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गटारे, घराभोवतीची पट्टी आणि जुने छप्पर. परवाना हातात आला असेल तर डिसेंबरात नव्या भागाचा पाया, एप्रिलअखेर वरचे छप्पर बंद. मृगाच्या आत नव्या भागाची कौले चढली नाहीत तर तो भाग पावसाळाभर तसाच थांबवा, घाईने काही झाकू नका. आतले काम दुसऱ्या हंगामात. म्हणजे पुढची चतुर्थी जुन्याच घरात होईल, नवा भाग कदाचित अर्धवट, आणि त्याच्या पुढची सगळ्यांसाठी. अंदाजपत्रकाच्या वीस टक्के रक्कम बाजूला ठेवा, जुने घर उघडल्यावर काहीतरी निघतेच.

आता मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. वायव्य कोपऱ्याचा आतून आणि बाहेरून फोटो, शेजारी फूटपट्टी धरून. त्या कोपऱ्यावर छपराखालून जमिनीपर्यंत ओळंबा सोडून वर, मध्ये आणि खाली भिंतीपासून दोरीचे अंतर. आणि तो कोपरा आणि विहीर यांच्या मध्ये जमिनीचा उतार कुठे जातो त्याची हाताने काढलेली आकृती. अंतर वर आणि खाली दोन इंचांहून जास्त वेगळे आले तर फोटोची वाट न पाहता त्या खोलीत झोपणे बंद करा आणि बाहेरून लाकडी टेकू द्या, मी पहिल्या उघाडीला येऊन जातो. तोपर्यंत दोन्ही कंत्राटदारांपैकी कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.